तणनाशकाची कुंडीतली चाचणी शेताशी जुळवायची कशी: खानदेशच्या मातीसाठी

खरिपात मक्याला अ‍ॅट्राझिन मारले, मका निघाला, त्याच रानात हरभरा टाकला. हरभरा चांगला उगवला, पण तीन आठवड्यांनी काही पट्ट्यांत खालची पाने कडेने पिवळी पडून वाळू लागली. तणनाशकाचा अंश जमिनीत राहिला असेल का, हे तपासायचे म्हटले की बहुतेकांचा हात पेट्री डिशकडे जातो: गाळणकागद, दहा बिया, पाच तीव्रता, सात दिवस. सातव्या दिवशी सगळ्या डिशमध्ये बिया सारख्याच उगवलेल्या दिसतात आणि ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष लिहिला जातो.

तो निष्कर्ष चुकणारच होता. अ‍ॅट्राझिन उगवण थांबवत नाही, ते पानातले प्रकाशसंश्लेषण अडवते. हरभऱ्याचे रोप सुरुवातीला बियाच्या दोन डाळींतल्या साठ्यावर वाढते. हा साठा संपून रोप पानांच्या कमाईवर आले की मगच इजा दिसते. सात दिवसांची चाचणी त्याआधीच संपलेली असते. म्हणून वनस्पतींवरची विषाक्तता चाचणी आखताना कुंडी, बी, माती यांच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: शेतात हे द्रव्य कोणत्या झाडापर्यंत, कोणत्या वाटेने, कोणत्या अवस्थेत पोचते आणि त्यातून खरे नुकसान कशाचे होते. चाचणीतली प्रत्येक निवड या उत्तराशी जुळली पाहिजे.

प्रमाणित पद्धती आहेतच. मातीतून होणाऱ्या परिणामासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची पद्धत २०८ (उगवण व रोपवाढ) आणि पानांवर पडणाऱ्या द्रव्यासाठी ओईसीडी २२७ (वाढीचा जोम), दोन्हींची सध्याची रूपे २००६ची आहेत. त्या बाजूला टाकू नका. त्यांच्यामुळेच एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणच्या निकालाशी ताडता येतो. मात्र त्या जिथे आपल्या रानाशी जुळत नाहीत तिथे मुद्दाम बदल करा, आणि काय बदलले व का बदलले ते अहवालात लिहा. न लिहिलेला बदल म्हणजे दोष समजला जातो, आणि तसा तो असतोही.

झाड कोणते घ्यायचे

अ‍ॅट्राझिनची चाचणी मका आणि ज्वारीवर घेतली तर ते निर्धोकच ठरेल, कारण ही दोन्ही पिके ते द्रव्य स्वतःच्या पेशीत निकामी करतात. त्यांच्यात ते वापरले जाते ते याच कारणाने. फेरपालटात मागून येणारी पिके घ्या: हरभरा, कांदा, गहू, मेथी, वांगी, आणि ज्यांच्याकडे दादर (रब्बी ज्वारी) असेल त्यांनी तुलनेसाठी दादरसुद्धा. शिवाय एक अतिसंवेदनशील पीक ‘साक्षीदार’ म्हणून ठेवा. अ‍ॅट्राझिनसाठी मोहरी किंवा काकडी चालते. साक्षीदारालाही काही झाले नाही तर माती स्वच्छ असण्याची शक्यता मोठी. त्याला झाले आणि हरभऱ्याला नाही, तर अंश आहे पण हरभऱ्याला पेलवणारा आहे.

पिकांवर थांबू नका. बांधावरचे मारवेल आणि पवन्या हा जनावरांचा चारा आहे, आणि बांधावर फुलणाऱ्या रानटी झुडपांवर मधमाश्या जगतात. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडे, शेत आणि रान यांच्यात कधी कधी फक्त एक नाला असतो. रानटी वनस्पती पिकांपेक्षा नेहमीच नाजूक असतात असे नाही, पण त्यांचे नुकसान बहुधा फुले आणि बी धरण्यात होते. ते रोप-अवस्थेच्या चाचणीत दिसत नाही.

रानटी बियाण्याची अडचण सुप्तावस्थेची. तरोट्याचे बी कडक कवचाचे, ते खरकागदावर घासल्याशिवाय पाणी घेत नाही. घोळीचे बी बारीक, त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर पसरायचे, गाडायचे नाही. केन्याला जमिनीवर आणि जमिनीखाली अशा दोन ठिकाणी बिया येतात आणि त्या वेगवेगळ्या काळात उगवतात, म्हणून एकाच प्रकारच्या घ्या. ओईसीडी २०८मध्ये नियंत्रण (द्रव्य न घातलेल्या) कुंड्यांत किमान ७० टक्के उगवण आणि उगवलेल्यांपैकी किमान ९० टक्के रोपे शेवटपर्यंत जिवंत, ही अट आहे. रानटी बी ती सहसा पाळत नाही. अशा वेळी बिया आधी वेगळ्या ट्रेमध्ये उगवून घ्या आणि एकाच अवस्थेतली रोपे कुंडीत लावा. त्यामुळे उगवणीचा निकाल हातचा जातो, पण वाढीचा निकाल विश्वासाचा मिळतो.

बाजारातले कपाशीचे बी कीटकनाशक आणि बुरशीनाशक लावलेले असते. तो लेप चाचणीत नको. प्रक्रिया न केलेले बी मिळवा. देशी कपाशीचे घरी राखलेले बी मिळाले तर उत्तम, पण देशी आणि अमेरिकन कपाशी या वेगळ्या जाती आहेत, एकीचा निकाल दुसरीच्या नावावर खपवू नका. हरभऱ्याच्या बियाण्याला थायरम हे बुरशीनाशक लावलेले आहे का तेही विचारून घ्या.

माती: इथेच बहुतेक चाचण्या फसतात

ओईसीडी २०८मध्ये पोयट्याच्या, हलक्या मातीचा सल्ला आहे, सेंद्रिय कर्ब १.५ टक्क्यांपर्यंत. तापी, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यातली भारी काळी माती अगदी निराळी. चिकणमातीचे प्रमाण बहुधा ४० टक्क्यांच्या वर, चुनखडी, सामू (पीएच) ८च्या आसपास, सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का किंवा त्याहून कमी, आणि ओली झाली की फुगणारी, सुकली की भेगाळणारी.

याचा विषाक्ततेवर थेट परिणाम होतो, आणि प्रत्येक द्रव्यावर निराळा. पॅराक्वाट या मातीच्या चिकणकणांना इतके घट्ट चिकटते की मुळांपर्यंत जवळजवळ पोचत नाही. वाळूतल्या चाचणीत ते घातक दिसेल, काळ्या मातीत दिसणार नाही. उलट गव्हातले मेटसल्फ्युरॉन अल्कधर्मी जमिनीत पाण्याने विघटित व्हायला वेळ लावते, त्यामुळे पुढच्या पिकाला धोका वाढतो. अ‍ॅट्राझिनचेही रासायनिक विघटन चढ्या सामूला मंदावते. जस्त आणि तांबे ८ सामूला बांधले जातात. तिथे झिंक सल्फेटचे ताजे द्रावण ओतून लगेच पेरले तर विषाक्तता प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, कारण शेतातले जस्त महिनोन्‌महिने मातीत मुरलेले असते. धातूंच्या चाचणीत माती भिजवून किमान चार आठवडे मुरू द्या, साठलेले क्षार पाण्याने निचरून काढा आणि मगच पेरा.

शक्य असेल तर दोन मातींत चाचणी घ्या: एक नदीकाठची पोयटा, प्रमाणित पद्धतीशी जुळणारी, आणि एक ज्या शेताचा प्रश्न आहे तिथली काळी. एकच घेता येत असेल तर काळी घ्या.

माती गोळा करण्याची वेळ वाफशाची. सुकल्यावर ढेकळे दगडासारखी होतात आणि ती कुटून भुकटी केली की कणरचना मोडते. ओली असताना चाळणीला चिकटते. वाफशावर वरचा १५ सेंटिमीटरचा थर घ्या, ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि सावलीत पसरा. २ मिलिमीटरची चाळणी भारी मातीला झेपत नाही. वाफेने निर्जंतुक करू नका. अ‍ॅट्राझिन मोडणारे जिवाणू आणि हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम दोन्ही त्यात मरतात आणि चाचणीतून शेत निघून जाते. ज्या रानात गेली तीन-चार वर्षे ते तणनाशक पडलेले नाही तिथूनच नियंत्रणाची माती घ्या. जिथे दरवर्षी पडते तिथले जिवाणू ते भराभर खायला शिकलेले असतात, आणि तिथला जुना अंशही नियंत्रणाला बिघडवतो.

किती माती लागेल? १५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीला साधारण दीड किलो. पाच मात्रा आणि एक नियंत्रण, प्रत्येकी सहा कुंड्या, म्हणजे ३६ कुंड्या आणि ५४ किलो सुकी माती. चाळताना वाया जाते, आर्द्रता तपासायला लागते, म्हणून एका पिकासाठी ७० किलो आणा. ओईसीडीनुसार किमान चार पुनरावृत्त्या चालतात, पण काळ्या मातीत कुंडीकुंडीतला फरक मोठा असतो, त्यामुळे सहा ठेवाव्यात.

पाणी देणे ही काळ्या मातीतली सर्वांत मोठी डोकेदुखी. माती सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते, वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मुळाभोवतीचा गोळा कोरडाच राहतो. रोप कोमेजते आणि दोष तणनाशकाला जातो. सोबत द्रव्यही त्या फटीतून वाहून जाते. म्हणून पाणी खालून द्या: कुंडीच्या भोकातून सुती वात घालून ती खालच्या बशीत सोडा. आधी मातीची जलधारण क्षमता मोजा: भोके असलेल्या डब्यात माती पूर्ण भिजवा, २४ तास निथळू द्या, वजन करा, १०५ अंशांना वाळवून पुन्हा वजन करा. त्या क्षमतेच्या ६० टक्क्यांना कुंडीचे वजन किती भरते ते कुंडीवर लिहून ठेवा आणि एक दिवसाआड वजन करून तेवढेच पाणी भरा. माती हलकी व्हावी म्हणून तिच्यात वाळू मिसळण्याचा मोह होतो. मिसळलीत तर द्रव्य चिकटण्याची जागा तेवढी कमी होते आणि निकाल त्या मातीचा राहत नाही.

मात्रा: हेक्टरवरून कुंडीत

अ‍ॅट्राझिन ५० टक्के डब्ल्यूपी (पाण्यात घोळायची भुकटी), सक्रिय घटक हेक्टरी १ किलो धरू. वरच्या १० सेंटिमीटर थरात ते मिसळले, मातीची घनता १.३ धरली, तर हेक्टरी माती १३ लाख किलो होते. १ किलो म्हणजे १० लाख मिलिग्रॅम. भागले की किलो मातीला ०.७७ मिलिग्रॅम येतात. ही फवारणीच्या दिवसाची पातळी. हरभरा पेरताना त्यातला काही भागच उरलेला असतो, म्हणून ही मात्रा सर्वांत वर ठेवा आणि खाली तिप्पट-तिप्पट अंतराने उतरा: ०.७७, ०.२६, ०.०८६, ०.०२९, ०.००९५. दोन मात्रांतले अंतर तिपटीपेक्षा जास्त नको, नाहीतर मात्रेबरोबर इजा कशी वाढते ते दाखवणाऱ्या वक्राचा उतार नेमका मधल्या रिकाम्या जागेत जातो.

द्रावण असे करा. १५४ मिलिग्रॅम भुकटी १० लिटर पाण्यात घोळा, म्हणजे लिटरला ७.७ मिलिग्रॅम सक्रिय घटक. अ‍ॅट्राझिन पाण्यात लिटरला साधारण ३३ मिलिग्रॅमपर्यंतच विरघळते, आणि आपण त्याच्या बरेच खाली आहोत, म्हणून तळाला बसण्याचा धोका कमी. या द्रावणाचे १०० मिलिलिटर एक किलो सुक्या मातीला दिले की ०.७७ मिलिग्रॅम पडते. बाकीच्या मात्रांसाठी हेच द्रावण पातळ करत जा, पण मातीत पडणारे पाणी सगळीकडे १०० मिलिलिटरच ठेवा, नियंत्रणालासुद्धा. एकदम ओतू नका, गोळे होतात. माती पातळ थरात पसरा, बारीक फवाऱ्याने थोडे थोडे मारत उलथापालथ करा. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक मात्रेची मूठभर माती उणे २० अंशांना ठेवा, पुढे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तीव्रता मोजता येते.

यात एक उणीव राहते. कुंडीतले द्रव्य ताजे आहे, शेतातले शंभर दिवस मुरलेले. म्हणून त्याच वेळी मक्याच्या रानातली खरी माती वेगळ्या कुंड्यांत भरा, ०–१० आणि १०–२० सेंटिमीटर असे दोन थर निरनिराळे. त्यांत तेच पीक घ्या. ताज्या मात्रांचा वक्र हाताशी असला की शेतातल्या मातीने केलेली इजा त्या वक्रावर कुठे बसते ते दिसते. प्रयोगशाळेत मोजलेला अंश आणि झाडाने दाखवलेला अंश यांतला फरक म्हणजे झाडाला न मिळणारा, मातीने धरलेला भाग. आमच्या मते संपूर्ण आखणीत हाच सर्वांत मोलाचा आकडा आहे.

पानांवर उडून येणारे द्रव्य: कपाशी आणि २,४-डी

ज्वारी, मका किंवा उसात २,४-डी हे तणनाशक मारले आणि वारा शेजारच्या कपाशीकडे असला की काय होते हे खानदेशात कुणाला सांगायला नको: पाने बोटांसारखी अरुंद, शिरा जवळ आलेल्या, शेंडा वाकलेला. इथे मातीतली चाचणी कामाची नाही. वाट पानांची आहे.

मूळ मात्रा हेक्टरी ५०० ग्रॅम धरली तर वाहून येणारा अंश म्हणून तिचा दहावा, तिसावा, शंभरावा, तीनशेवा आणि हजारावा भाग घ्या, म्हणजे ५० ग्रॅमपासून अर्ध्या ग्रॅमपर्यंत. एक चौरस मीटरच्या ट्रेमध्ये कुंड्या ठेवून ५० मिलिलिटर फवारले की हेक्टरी ५०० लिटर पाणी होते. फवारा समान पडतो का ते आधी साध्या पाण्याने तपासा: ट्रेमध्ये पाच झाकण्या ठेवा, फवारा, लगेच वजन करा. त्यांच्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर नोझल, उंची किंवा चाल बदला.

आता फसवी गोष्ट. वाऱ्याने येणारे थेंब बारीक आणि दाट असतात. तुम्ही तेवढाच अंश ५०० लिटर पाण्यात पातळ करून मारलात तर इजा कमी दिसू शकते. म्हणून मात्रा कमी करताना एका संचात पाणीही त्याच प्रमाणात कमी ठेवा आणि दोन्ही संच ताडून पाहा.

२,४-डीचा इथिल एस्टर (३८ टक्के ईसी) वाफेनेही जातो, सोडियम सॉल्ट (८० टक्के डब्ल्यूपी) आणि अमाइन सॉल्ट (५८ टक्के एसएल) त्या मानाने खूप कमी. वाफेची चाचणी वेगळी घ्या: दूर कुठेतरी मातीच्या ट्रेवर एस्टर फवारा, थेंब सुकू द्या, मग तो ट्रे प्लॅस्टिकच्या छोट्या बोगद्यात न फवारलेल्या कपाशीच्या रोपांमध्ये ठेवा. ४८ तासांनी ट्रे काढा. उन्हात बोगदा तापतो, सावलीच्या जाळीखाली ठेवा, आणि आत फक्त साध्या पाण्याचा ट्रे असलेला दुसरा बोगदा नियंत्रण म्हणून हवाच.

२२७ पद्धतीत रोप दोन ते चार पानांवर असताना फवारतात आणि २१ ते २८ दिवस पाहतात. कपाशीला हे अपुरे आहे. पाते लागताना आणि फुलोरा सुरू होताना ती फार नाजूक असते, आणि पानांची इजा किती दिसते यावरून बोंडांचे नुकसान नेमके सांगता येत नाही. किमान दोन मात्रा पाते लागण्याच्या अवस्थेत मोठ्या कुंड्यांत मारा, आणि पाते, फुले, पक्की बोंडे मोजा. यासाठी १५ किलोची कुंडी आणि चार महिने लागतात. जागा नसेल तर मात्रा कमी करा, अवस्था कमी करू नका.

या चाचणीचा पंप वेगळाच ठेवा. २,४-डी पंपाच्या रबरात आणि नळीत मुरते आणि नंतर नियंत्रणातल्या कपाशीवरही उतरते. दुसरा पंप नसेल तर अमोनियाच्या पाण्यात रात्रभर भरून ठेवा आणि तीनदा धुवा.

हंगाम, काळ आणि मोजमाप

हरभरा मे महिन्यात जाळीखाली घेऊ नका. जळगाव-भुसावळला तेव्हा पारा ४५ अंशांकडे जातो आणि उष्णतेचा ताण तणनाशकाच्या परिणामात मिसळतो. ओईसीडीची मर्यादा २२ अंश, वर-खाली १०. रब्बीची पिके नोव्हेंबर ते जानेवारी, खरिपाची पिके पाऊस बसल्यावर, हे वेळापत्रक सोयीचे. १६ तास दिव्याचा उजेड रोपवाढीला चालतो, पण डिसेंबरात इथे दिवस सुमारे ११ तासांचा असतो. हरभरा लांब दिवसात लवकर फुलतो, म्हणून फुलोऱ्यापर्यंत जाणाऱ्या चाचणीत नैसर्गिक दिवसच ठेवा. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदला.

नियंत्रणातली निम्मी रोपे उगवली की तिथून २१ दिवस मोजा. उगवण, जिवंत रोपे, इजेचा टक्का, शेंड्याची उंची, आणि शेवटी शेंड्याचे व मुळाचे सुके वजन (६५ अंश, ४८ तास किंवा वजन स्थिर होईपर्यंत). उंचीपेक्षा वजन जास्त बोलके असते. मुळे नक्की मोजा, कारण कोरडवाहू हरभरा खालच्या ओलीवर जगतो, आणि आखूड मुळाचे रोप कुंडीत हिरवे दिसले तरी रानात टिकत नाही. काळी माती मुळांना सोडत नाही. गोळा ५ टक्के सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या पाण्यात रात्रभर ठेवा, मग चाळणीवर मंद धारेने धुवा. धुतल्यावर हरभऱ्याच्या गाठी मोजा, आतून गुलाबी असलेल्या वेगळ्या.

कारखान्याच्या सांडपाण्याची चाचणी असेल तर विद्युतवाहकता मोजा आणि तेवढ्याच वाहकतेच्या साध्या क्षारद्रावणाचे आणखी एक नियंत्रण ठेवा. नाहीतर इजा रसायनाची की खारटपणाची, हे कधीच कळत नाही.

आकडेमोडीत पुनरावृत्ती म्हणजे कुंडी, रोप नव्हे. एका कुंडीतल्या तीन रोपांची सरासरी हा एक आकडा. ‘परिणाम न दिसलेली सर्वांत मोठी मात्रा’ यावर अवलंबून राहू नका. चाचणी जितकी ढिसाळ तितकी ती मात्रा मोठी येते. त्याऐवजी मात्रा-प्रतिसाद वक्र बसवा आणि ईसी१०, ईसी२५, ईसी५० (वाढ १०, २५, ५० टक्क्यांनी घटवणाऱ्या मात्रा) त्यांच्या विश्वासमर्यादांसह द्या. २,४-डीसारख्या द्रव्यात अत्यल्प मात्रेला वाढ उलट जास्त दिसू शकते. ती काढून टाकू नका, तो भाग सामावणारा वक्र घ्या.

शेतकऱ्यासाठी छोटी चाचणी

पूर्ण चाचणीला वेळ नसेल आणि या रब्बीत हरभरा टाकायचा की नाही एवढेच ठरवायचे असेल, तर सप्टेंबरअखेर मक्याच्या उभ्या रानात दहा ठिकाणांहून वरची १० सेंटिमीटर माती घ्या आणि एकत्र करा. जिथे पंप वळवला जातो त्या कडेची माती वेगळी ठेवा, कारण दुबार फवारा तिथेच पडतो. मातीचे दोन भाग करा. एका भागात किलोला १ ग्रॅम सक्रिय कोळशाची पूड नीट मिसळा, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींत मोहरी आणि हरभरा पेरा, प्रत्येकी चार कुंड्या, उन्हात ठेवा. कोळसा अ‍ॅट्राझिन धरून ठेवतो. कोळशाच्या कुंडीत रोपे तरारली आणि साध्या मातीत पिवळी पडली तर अंश आहे. दोन्हींत सारखीच पिवळी पडली तर कारण दुसरे आहे, बहुधा चुनखडीमुळे आलेली लोहाची कमतरता किंवा पाणी साचणे. मोहरीचे उत्तर दोन आठवड्यांत येते, हरभऱ्याला तीन लागतात, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरणीचा निर्णय घेता येतो. फक्त मोहरीच पिवळी पडली असेल तर हरभरा टाका, मेथी-कांदा त्या तुकड्यात टाळा. दोन्ही पडली असतील तर त्या रानात दादर घ्या.